बोलायचं असेल तर गाडी उभी करा

आमचे मास्तर गाडी चालवायला शिकवायचे, पण स्वतः गाडी चालवायचे नाहीत. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही वाटलं, हे कसलं बाई, स्वयंपाक्यानं उपाशी राहून वाढावं तसं. पण त्यांना येत नव्हतं असं नाही. तीस वर्षं त्यांनी एसटी चालवली होती. रिटायर झाले त्या दिवशी गाडी डेपोत लावली, खाली उतरून चाकाला हात लावून नमस्कार केला, आणि त्यानंतर स्टिअरिंगला बोट म्हणून लावलं नाही. कुठं जायचं झालं तर एसटीनं जायचे, खिडकीशी बसून. लोक काहीबाही बोलायचे. अपघात केला असंल, कुणाचा तळतळाट लागला असंल. मला काही राहवेना, एक दिवस विचारलंच.

"ताई," ते म्हणाले, "तीस वर्षं माझ्या पाठीमागं पन्नास-पन्नास माणसं बसली. एकाचं तोंड मला दिसलं न्हाई. आता मी बाजूला बसणार, आन् माणूस बघणार."

मास्तरांना जाऊन दोन वर्षं झाली. भोरच्या स्टँडमागच्या गल्लीत त्यांचं घर होतं, तिथून आजही गेले की माझी मान आपोआप वळते. दारात ती पांढरी गाडी नसते. कुणीतरी तिथं आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान काढलंय. चांगला आहे बिचारा, माझ्या मोबाईलची काच त्यानंच बसवली, पण मला त्याचा उगाचच राग येतो.

मास्तरांच्या दारावर एक पत्रा लावलेला होता. त्यावर त्यांनी स्वतः रंगवलेलं: 'गाडी शिकवली जाईल. घाई असल्यास येऊ नये.' आता मला सांगा, असं लिहिल्यावर कोण येणार? तिकडं कापूरहोळच्या फाट्यावर दोन पुरुष उंचीचा फ्लेक्स लागलेला, दहा दिवसांत गाडी, रोज दोन तास. आणि आमचे मास्तर दिवसाआड एकच तास घ्यायचे. मी विचारलं, "रोज का घेत नाही हो? मी रिकामीच असते."

म्हणाले, "विरजण लावल्यावर दर घटकंला ढवळून बघता का?"

"नाही."

"मग? आज शिकवलं ते उद्या लागतं. मधल्या दिवशी गाडीला हात लावायचा न्हाई."

अंगात खाकी शर्ट, नोकरीतलाच, कॉलर उसवलेली. हातात बारा महिने काळी छत्री. ती उन्हाची नव्हे नि पावसाची नव्हे, ती समोरच्या फळीवर वाजवायची. एकदा वाजली की क्लच, दोनदा वाजली की ब्रेक. आणि तीनदा वाजली तर त्याचा अर्थ, आत्ता काय केलंत ते घरी जाऊन आठवा.

छत्री का, तर गाडी हलत असताना बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. त्यांनीही नाही आणि शिकणाऱ्यानंही नाही. बोलायचं असेल तर गाडी उभी करा. आता मी कशी आहे ते भोरमध्ये कुणालाही विचारा. आमचे हे हयात होते तेव्हा म्हणायचे, ही मेथी आणायला जाते आणि मेथी सुकवून आणते. पहिल्याच दिवशी रस्त्यानं ओळखीची बाई दिसली, मी म्हटलं, "अहो, ही बघा ही..." की टक टक. मग मागं बघा, इंडिकेटर द्या, गाडी कडेला घ्या, हँडब्रेक ओढा. मास्तर माझ्याकडं वळून म्हणाले, "हां, बोला." तोवर मी काय बोलणार होते ते विसरून गेले होते. पुन्हा पहिला गिअर टाका, पुन्हा निघा. दहा पावलांवर मला आठवलं. पुन्हा कडेला.

एका तासात अकरा वेळा. मी कुरकुर केली, "मास्तर, माझा निम्मा तास उभं राहण्यात जातो."

"चालवायला काय, कुणालाबी येतं. तुमी उभी करायला शिकताय."

खरंच सांगते, आज चढावर असो की चिखलात, गाडी कडेला घेऊन उभी करावी ती मीच. हे माझ्या जिभेनं मला शिकवलं.

आता अठ्ठावन्नाव्या वर्षी ही बाई गाडी शिकायला का निघाली, ते सांगायचं राहिलंच. माझी थोरली बहीण, अक्का. आई लवकर गेली, अक्कानंच मला वाढवलं. तिला दिली विंझरच्या वर, डोंगराच्या अंगाला एका वाडीत. शेरडं, चार गाई, नाचणीचं रान. तिच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधानं लांबवू. या आजारात म्हणे डाव्या-उजव्या बाजूनं अंधार आत येत जातो, आणि समोरचं तेवढं शेवटपर्यंत राहतं. अक्का म्हणायची, "मला समदं जग बांगडीतनं दिसतंया बघ, धाकले. आन् बांगडी रोज बारीक व्हतीया."

तिची एकच इच्छा. डोळे आहेत तोवर कामथडीला जायचं, आमच्या माहेरी, आणि सगळं एकदा बघून घ्यायचं. आता तुम्ही म्हणाल, कामथडी काय परमुलूख आहे? जीप करून जायचं. केली होती की. दुसऱ्या वळणावरच तिला मळमळलं, खाली उतरली आणि चालत घरी गेली. म्हणाली, "त्यो कुणासाठी पळवतुया काय म्हाईत." भाचा म्हणाला, मी हळू चालवतो. नाही. एसटी? वासानंच नको. मग एकदा मीच सहज म्हटलं, मी गाडी शिकले तर बसशील का? तर ती काय म्हणाली, "तू चालीव, मी बसते. तू कासरा धरल्यावर मला कदी मळमळलं न्हाई."

तर ते कासऱ्याचं. माझी सगळी अडचण त्यातच होती. लहानपणी आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, दहाव्या वर्षी माझ्या हातात बैलगाडीचा कासरा दिला. नसरापूरच्या बाजाराला मी गाडी हाकायचे आणि अक्का मागं पोत्यांवर बसायची. लग्न होईपर्यंत मी बैलं हाकली. आणि बैलगाडी थांबवायची कशी, तर दोन्ही हातांनी कासरा छातीशी ओढायचा आणि तोंडानं हो, हो म्हणायचं. पायांना काही काम नसतं.

मास्तरांकडं माझा दुसराच दिवस. एक म्हैस आडवी आली. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग छातीकडं ओढलं, आणि ओरडायला लागले, "हो... हो... हो..." पाय आपले खाली गुपचूप. गाडी चाललीय म्हशीकडं, म्हैस बघतेय माझ्याकडं. मास्तरांच्या बाजूलाही एक ब्रेक बसवलेला होता, त्यांनी तो दाबला. म्हैस निघून गेली. मी म्हटलं, आता हा माणूस आपल्याला घरी पाठवणार. कधी न हसणारे मास्तर, त्यांनी छत्रीची मूठ तोंडावर धरली आणि खांदे हलायला लागले. बराच वेळ हलत होते. मग डोळे पुसून म्हणाले, "किती वर्षं हाकली?"

"लग्नापर्यंत."

"मग दोन महिनं तरी लागतील. पायांना नवीन शिकवायला दहा दिवस पुरतात. हातांना जुनं विसरायला येळ लागतो."

दहा दिवसांच्या शिकवणीला मी नावं ठेवते असं समजू नका हं. आमच्या शेजारची प्रज्ञा आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. तिची बदली वेल्ह्याकडं झाली, जाण्यायेण्याचे हाल, ती कापूरहोळला गेली आणि दहा दिवसांत शिकून आली. आज पोर अशी चालवते की बघत राहावं. तिनंच मला सांगितलं, "काकू, कशाला मास्तरांकडं वेळ घालवता? चला तिकडं." पुण्याहून मुलगाही फोनवर तेच म्हणायचा. पण प्रज्ञाच्या हातांना विसरायचं काही नव्हतं. ती कधी बैलांच्या मागं बसली नव्हती.

हे शहाणपण आत्ताचं. तेव्हा नव्हतं. एक महिना झाला असेल, वाडीवरून भाचेसुनेचा फोन आला. अक्कानं हात भाजून घेतला होता, बाजूला ठेवलेला तवा तिला दिसलाच नाही. "मावशी, गाडीचं कुठवर आलं?" तिनं विचारलं. "रोज इचारत्यात." मी मास्तरांना विचारलं, मी कधी तयार होईन? ते म्हणाले, अजून महिना.

त्या दिवशी घरी येऊन मी लायसनचा कागद पिशवीत घातला आणि दुसऱ्या दिवशी, जो मास्तरांचा मोकळा दिवस, त्या दिवशी कापूरहोळला जाऊन नाव घातलं. मास्तरांना सांगितलं नाही. एक दिवस इकडं, एक दिवस तिकडं. दोन्ही घरी जेवणाऱ्या पाहुण्यासारखी.

खोटं कशाला बोलू, तिकडं मला आवडलं. शिकवणारा भला माणूस होता. पहिल्या दिवशीच त्यानं मला चौथ्या गिअरपर्यंत नेलं. काच खाली, वारा तोंडावर, आणि बोलायला मोकळीक. मी बोलतेय, तो बोलतोय, मधे त्याचा मोबाईल वाजतोय, गाडी पळतेय. तिसऱ्या दिवशी मला वाटलं, अगं, येतंय की आपल्याला. मी अक्काला फोन करून सांगितलंही, "रविवारी येते." ती म्हणाली, "रविवारी? मग नवं लुगडं काढते."

चौथ्या दिवशी समोर मेंढरं आली. मोठा कळप, मागं घोडं, त्यावर बिऱ्हाड, घोड्याबरोबर चालणारी माझ्याच वयाची एक बाई. मला लांबून दिसलं सगळं. मी बोलत होते, आणि बोलता बोलता मेंढरं जवळ आली, आणि माझ्या हातांनी स्टिअरिंग छातीशी ओढलं. "हो... हो... हो..." शिकवणाऱ्यानं त्याच्या बाजूचा ब्रेक मारला. गाडी एका कोकरापासून वीतभर अंतरावर थांबली. ती बाई पुढं आली, खिडकीतून आत वाकली, सगळं न्याहाळलं आणि म्हणाली, "बाई, बैलं कुठं सोडली?"

शिकवणारा हसला, मीही हसले. तो म्हणाला, होतं काकू, चला पुढं. पण मला सारखी मागची सीट दिसत होती, आणि तिच्यावर नवं लुगडं नेसलेली अक्का.

दुसऱ्या दिवशी मास्तरांकडं गेले. गाडी सुरू केली, शंभर पावलंही गेलो नसू, छत्री तीनदा वाजली. मग त्यांनी बोट कडेला केलं. मी गाडी उभी केली.

"कापूरव्होळला जाऊन आलात."

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या डाव्या पायानं. क्लचवर ठेवून बसलाय. ही खोड आमच्याकडची न्हाई."

मला वाटलं आता बोलतील. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते नुसते बघत राहिले, माणूस बघायला बसलेला माणूस. मग मी सगळं सांगितलं. तवा, बांगडी, मेंढरं, लुगडं. गाडी उभी होती, त्यामुळं बोलायला परवानगी होती. शेवटी म्हटलं, "मास्तर, तुम्हीच चालवा ना एक दिवस. तीस वर्षं एसटी चालवलेले हात, हिसका म्हणून बसणार नाही. अक्काला मळमळणार नाही."

"मी न्हाई चालवत."

"एक दिवस."

"त्यांना तुमच्या गाडीत बसायचंय. माझ्या न्हाई."

"पण तुम्ही म्हणता अजून महिना. महिना माझ्याकडं आहे, मास्तर. अक्काकडं नाही."

ते खाली उतरले. गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकं दाबून बघितली, परत आत येऊन बसले. म्हणाले, "परवा गाडी न्हाई. परवा चालायचं."

त्यांची ही आणखी एक तऱ्हा. अवघड रस्ता असला की शिकणाऱ्याला आधी पायी न्यायचे. आम्ही एसटीनं विंझरला उतरलो आणि वाडीपर्यंत चढलो. कुठं खडी सुटलीय, कुठं समोरची गाडी दिसत नाही, ते छत्रीनं दाखवत होते. वर अक्का अंगणात बसलेली. मान इकडं-तिकडं फिरवून तिनं आम्हाला बांगडीत पकडलं.

"तुमी मास्तर व्हय?"

"व्हय."

"गाडीचं मास्तर?"

"व्हय."

"मग चालत का आला?"

"रस्ता बघायला."

"मी पंचेचाळीस वर्षं बघतीया. मला इचारायचं." आणि तिनं खरंच सगळा रस्ता सांगितला, वळणागणिक. कुठल्या वळणावर गुरं बसतात, कुठं उजवीकडं दगड वर आलाय. मास्तरांनी खिशातून डायरी काढून लिहून घेतलं. परत उतरताना म्हणाले, "पोटभर रस्ता दिला बाईनं." नंतरचे तीन धडे त्यांनी मला त्या चढावरच दिले, रिकाम्या गाडीनं.

आणि मग आम्ही निघालो. रविवार नव्हता तो, बुधवार होता. 'एल' लिहिलेली मास्तरांची पांढरी गाडी, मास्तर डावीकडं, अक्का मागं मधोमध बसलेली, लुगड्याच्या घडीचा वास गाडीभर. मास्तरांनी तिला नियम सांगितला. अक्का माझीच बहीण. विंझर गाठायच्या आधी चार वेळा गाडी उभी करावी लागली. पाचव्यांदा ती म्हणाली, "काय मयत घेऊन चाललाय का गाडीत? बोलायचं न्हाई म्हंजे काय?"

मास्तर म्हणाले, "अक्का, बोला की. गाडी उभी हाय."

"आता काय बोलू? इसरले."

पण तिला मळमळलं नाही. खाली नसरापूरच्या अंगाला आलो, शेतं सपाट झाली, आणि एका बांधावरून एक खोंड रस्त्यावर उतरलं, मोकाट, दाव्याचा तुकडा गळ्यात. हातांना कळलं की हा बैल. माझं तोंड उघडलं, हो म्हटलं मी, चांगलं मोठ्यानं. पण हात जागेवर राहिले, आणि उजवा पाय खाली गेला. गाडी थांबली. खोंड आपल्या चालीनं पलीकडं गेलं.

मी मास्तरांकडं बघितलं. त्यांच्या वहाणा खाली पडलेल्या होत्या आणि ते सीटवर मांडी घालून बसलेले. दोन्ही पाय वर. त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर पायच नव्हता. वाडी सोडल्यापासून ते तसेच बसले होते म्हणे, हे मला अक्कानं नंतर सांगितलं.

मी म्हटलं, "मास्तर, पाय."

"अवघडले हुते," ते म्हणाले, आणि समोर बघत राहिले.

कामथडीत भावाच्या मुलांनी आता स्लॅबचं घर बांधलंय. अंगण फरशीचं. सुनेनं चहा केला, पोरं अक्काच्या पाया पडली. तिला मी विहिरीवर नेलं, गोठ्याच्या जागेवर नेलं, तिथं आता ट्रॅक्टर उभा असतो. ती मान हळूहळू फिरवून एकेक तुकडा बघत होती, काही जुळत होतं, काही नाही. मी मनाशी म्हटलं, एवढा खटाटोप करून आणली, आणि हिला बघायला मिळालं काय, तर फरशी आणि ट्रॅक्टर.

परतीच्या वाटेवर अक्का विंझरच्या अलीकडं एकदम म्हणाली, "धाकले, गाडी उभी कर. बोलायचं हाय."

मी मागं बघितलं, इंडिकेटर दिला, कडेला घेतली, हँडब्रेक ओढला.

"कामथडी काय दिसली, काय न्हाई," ती म्हणाली. "पर हितं वर काचंचा आरसा हाय न्हवं? त्यात तुजं डोळं दिसत्यात. तेवढंच दिसतंय मला समोर, बरोबर बांगडीएवढं. सकाळधरनं तेच बघतीया. कासरा धरलास की तू अशीच बघत आसशील, लांब, कपाळाला आठी घालून. मी पोत्यांवर बसलेली, मला कायम तुजी पाठच दिसायची. मला वाटायचं, ही मोहरं कशी बघत आसंल." मग म्हणाली, "आज बघितलं. आता गेलं डोळं तरी चालंल."

पुढं वर्षभरात तिचे डोळे गेलेच. पण तेव्हा मी आरशात बघितलं आणि ती तिथं होती, माझ्याकडं बघत.

मास्तरांनी वहाणा घातल्या, दार उघडलं आणि खाली उतरले. छत्री उघडली, ऊन उतरलेलं असूनही. आणि आम्हां दोघींकडं पाठ करून, लांब डोंगराकडं तोंड करून, रस्त्याच्या कडेला उभे राहिले. किती वेळ ते मला सांगता यायचं नाही. गाडी उभी होती आणि आम्ही दोघी बोलत होतो.